ओढा कुठल्या हाताला

शोधपथकाच्या प्रमुखाने माझ्या हातातला फोटो घेतला, लांब धरला, जवळ धरला, उजेडाकडे तिरका केला आणि विचारलं, "यात जंगल कुठे आहे?"

मी बोट दाखवलं. पण दाखवायला होतं काय? वरच्या अंगाला लहान मुलांच्या रेनकोटसारखा भडक हिरवा रंग आणि खाली सगळं काळं. बाजारातल्या स्टुडिओने घाईघाईत काढून दिलेला चकचकीत कागद होता तो. ज्या जागेपायी माझी बायको गेले कित्येक महिने वेडी झाली होती, ती जागा त्या काळ्यात कुठेतरी होती. आणि आता बायकोही तिथेच कुठेतरी होती.

रविवारी पहाटे ती कॅमेरा घेऊन गेली, ती परत आलीच नाही. सोमवारी सकाळी तिची स्कूटर जंगलाच्या तोंडाशी, वनखात्याच्या फाटकाजवळ सापडली. नीट कुलूप लावून, हेल्मेट हँडलला अडकवून ठेवलेलं. फोन बंद. फाटकाच्या आत मैलोन्मैल झाडी, मधून वाहणारा ओढा आणि दोन्ही काठांना खडक. प्रमुखाने मला पहिलाच प्रश्न केला होता, "तुमच्या मिसेस नेमक्या कुठे जायच्या?" आणि इतकी वर्षं संसार करून मला उत्तर देता आलं नव्हतं. "झाडांकडे," मी म्हणालो. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

पण फोटो होते. घरच्या कॉम्प्युटरवर एकाच जागेचे ढीगभर फोटो. कललेलं एक खोड, त्याच्या पायाशी शेवाळलेले दगड, नेच्यांचं रान आणि बाजूला पाणी. पडद्यावर सुंदर दिसायचे, छापले की काळवंडायचे. मग ही कागद टराटरा फाडायची आणि पुढच्या रविवारी पुन्हा तीच जागा, पुन्हा तेच झाड. "अगं, झाडच आहे ते, पळून जातंय का कुठे?" असं मी म्हणायचो. फार विनोदी समजायचो स्वतःला.

"मला कागदच हवाय," प्रमुख म्हणाला. "फोनवर नको. आत रेंज नाही, माणसं चारी दिशांना पांगलेली. आणि जंगल ओळखणारे आमचे जुने लाकूडतोडे, ते फोनमधल्या बोटभर चित्राकडे ढुंकूनही बघत नाहीत. मोठा कागद द्या. सावलीतलं दिसेल असा. दगड कुठे, पाणी कुठे, जमीन कुठल्या बाजूला उतरते, एवढं दिसलं तरी कोणीतरी ओळखेल. हे असलं पुन्हा आणू नका."

मी घरी आलो. खाली माझं शिवणकामाचं दुकान आणि वर घर. दुकानाच्या मागच्या खोलीत माझं कापायचं टेबल, आणि खिडकीशी बायकोचं कॉम्प्युटरचं टेबल आणि तो आडवातिडवा प्रिंटर. सासूबाई आमच्याकडेच असतात. त्या फोन मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"काय म्हणाला तो?"

"पुन्हा छापून आणा म्हणाला. नीट."

"तुम्ही छापणार?"

"मग काय तुम्ही छापता?"

आमचं एरवीचं बोलणंही याच चालीवर असतं. त्या मला टेलरसाहेब म्हणतात, आणि त्यातला साहेब चिमटीत धरून बाजूला ठेवल्यासारखा म्हणतात. पण त्या दिवशी त्यांनी वाद तिथेच सोडला. उठल्या, खुर्ची ओढली आणि माझ्याशेजारी येऊन बसल्या.

प्रिंटरशी माझी ओळख जुजबी. शाळांच्या गणवेशांवर इस्त्रीने चिकटवायचे बिल्ले मी त्यावर छापायचो. त्यासाठी बायकोने मला 'दुकान' नावाची एक सेटिंग करून दिली होती. ती निवडायची आणि बटण दाबायचं, की संपलं. बाकीच्या सेटिंगांची नावं म्हणजे नुसती अक्षरं आणि आकडे, तिची तिलाच कळायची. मी 'दुकान' निवडलं, कागदाचा प्रकार तेवढा बदलला आणि बटण दाबलं.

पहिला कागद बाहेर आला तो शाई फुटून, जंगलावर कोणी बादली ओतल्यासारखा. कागद उलटा घातला होता. या कागदाच्या एकाच बाजूला शाई धरते, हे मला ठाऊक नव्हतं. आणि जन्म गेला माझा कापडाची सुलटी बाजू चाचपण्यात. बोट किंचित ओलं करून दोन्ही बाजूंना टेकवलं. एका बाजूला ते जरा चिकटलं, तीच सुलटी. दुसरा कागद त्या बाजूने छापला. शाई फुटली नाही, पण खाली पुन्हा तोच काळा पडदा. कॉम्प्युटरवर नेच्याचं पान न् पान दिसत होतं आणि कागदावर मात्र भुयार.

मी टेबलाच्या पायाला लाथ मारली. पायाला काही झालं नाही, माझं बोट ठणकायला लागलं.

"लाथा मारून उजेड पडणार आहे का?" सासूबाई म्हणाल्या. मग जरा थांबून, आठवत आठवत, "ती म्हणायची, पडद्यावरचं खोटं असतं. पडद्याच्या आत दिवा असतो, कागदाच्या आत नसतो."

"आणखी काय म्हणायची?"

"रोज संध्याकाळी डोकं खायची माझं. मी हो हो म्हणायचे. सगळं थोडंच लक्षात ठेवलंय? म्हणायची, पडदा मंद केला की कागदाची खरी कळा कळते."

मी पडद्याचा उजेड कमी केला. किती कमी करायचा ते कळेना, म्हणून कोरा पांढरा कागद पडद्याशेजारी धरला आणि पडद्यावरचा पांढरा त्या कागदाइतकाच होईपर्यंत खाली आणला. मग काय, जंगल पडद्यावरही तसंच काळं दिसायला लागलं. म्हणजे आत्तापर्यंत पडदा मला गोड बोलून फसवत होता. मी चिडलो, पण पहिल्यांदाच कोणावर चिडायचं ते कळलं होतं.

मी सगळा फोटो उजळ केला. दगड दिसायला लागले, पण जंगल पिठात लोळवल्यासारखं पांढुरकं झालं, खोड कुठे संपतं आणि मागची झाडी कुठे सुरू होते ते कळेना. तो कागद प्रमुखाला दिला असता तर त्याने विचारलं असतं, यात झाड कुठे आहे? मग शोधत शोधत पडद्यावर फक्त सावल्या उचलायची पट्टी सापडली. ती थोडी सरकवली की वरचं आकाश जागच्या जागी राहायचं आणि खालचा अंधार तेवढा सैल व्हायचा. पण किती सैल करायचा? अख्खे कागद नासायला वेळ नव्हता. मी कागदाच्या अरुंद पट्ट्या कापल्या. कापणं मला येतं. प्रत्येक पट्टीवर त्याच एका कोपऱ्याचा, खोडाच्या पायथ्याचा तुकडा छापायचा, दर वेळी सावली थोडी अधिक उचलून. सासूबाई त्या पट्ट्या खिडकीतल्या दोरीला कपड्यांच्या चिमट्यांनी टांगत होत्या.

"ही चांगली आहे," मी एक ओली पट्टी उचलून म्हणालो.

"ओल्यावर काही ठरवू नका. वाळली की उतरते. हेही म्हणायची ती."

वाळायची वाट बघणं हा त्या दिवसातला सगळ्यात भयंकर भाग होता. हाताला काम असलं की डोकं गप्प राहतं. पट्ट्या वाळत असताना मात्र माझ्या डोळ्यांसमोर नाही नाही ते यायचं. ती कुठेतरी पडली असेल. कोणीतरी तिला काही केलं असेल. तिला तहान लागली असेल. मी तिला शोधायचं सोडून इथे शाई वाळताना बघत बसलो आहे, आणि हेच मला जमण्यासारखं आहे, हे कळून मला रडू येत होतं. सासूबाईंना दिसू नये म्हणून मी कात्री उचलायचो आणि उगाच आणखी पट्ट्या कापायचो. त्यांना दिसत होतं. त्या दोरीकडे तोंड करून उभ्या राहायच्या, म्हणजे मला मोकळेपणाने नाक पुसता यायचं.

ट्यूबलाइटखाली पसंत केलेली पट्टी खिडकीत नेल्यावर पिवळी निघाली. ही चूक तरी मी करायला नको होती. गिऱ्हाइकाला मी स्वतः सांगतो, कापड दाराबाहेर नेऊन बघा. मग प्रत्येक पट्टी खिडकीत न्यायची, परत यायचं, भडक हिरवा थोडा मंद करायचा, सावली आणखी केसभर उचलायची. असं करता करता दुपार सरायला आली आणि एक पट्टी अशी वाळली की मी ती नुसती सासूबाईंकडे दिली. त्यांनी चष्मा कपाळावर नेला आणि ती डोळ्यांजवळ धरली.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "इथे तर पाणी आहे."

मोठा कागद छापला. जंगल उघडलं. कललेलं खोड, त्याच्या सालीवरच्या भेगा, दगडांच्या मधली काळोखी आणि त्या काळोखातही वेगवेगळे दिसणारे दगड, नेच्यांची खालची पानं, बाजूला ओढ्याचं पाणी आणि त्याच्याकडे उतरत जाणारी जमीन. बायकोला जे जमलं नव्हतं ते मला जमलं होतं. खोटं कशाला बोलू, क्षणभर मला आनंद झाला. मी विसरलो होतो की मी हे कशासाठी करतोय. आठवलं आणि मी लगेच बाकीच्या प्रती छापायला घेतल्या.

संध्याकाळ व्हायच्या आत मी त्या कागदाच्या चार प्रती फाटकावर पोचवल्या. प्रमुखाने एक हातात घेतली आणि या वेळी प्रश्न विचारला नाही. तिथल्या सगळ्यात जुन्या लाकूडतोड्याला बोलावलं. त्या म्हाताऱ्याने कागद गुडघ्यावर पसरला आणि बराच वेळ बघत राहिला.

"झाड काही ओळखीचं नाही वाटत," तो म्हणाला. "अशी कलती झाडं पुष्कळ आहेत. पण पाणी समोरून येतंय, ओढा डाव्या हाताला, चढ उजव्या हाताला, आणि असले दगड. हे पलीकडच्या काठालाच. जुन्या खाणीच्या वरच्या अंगाला."

"नक्की?"

"नक्की कोण सांगणार? पण ओढा डाव्या हाताला आहे ना. मग अलीकडे नाही."

मी त्याचे हात धरले. मंगळवारी उजाडता उजाडता सगळी माणसं पलीकडच्या काठाला गेली. मला बरोबर घेतलं नाही. प्रमुख म्हणाला, "तुम्ही आणखी एकदोन फोटो छापा, दुसऱ्या बाजूने काढलेले. जागा पक्की करायला मदत होईल." मला वाटलं, मी पायात येऊ नये म्हणून मला काम लावून दिलंय. तरी आलो आणि बसलो छापत. आता हात बसला होता. पट्टी, वाळवण, खिडकी, मोठा कागद.

जुन्या खाणीकडून काही निरोप येत नव्हता. सासूबाईंनी फोन मांडीवरून टेबलावर ठेवला होता आणि त्याच्याकडे पाठ करून बसल्या होत्या. दुपार झाली. मी एक वाळलेली पट्टी दोरीवरून काढली. कापडाची वीण बघायला आपण जसं कापड उजेडावर धरतो, तशी ती खिडकीच्या काचेवर टेकवली. काही कारण नव्हतं, हाताची सवय. पण टेकवताना उलटी टेकवली गेली, छापलेली बाजू काचेकडे. उन्हात पट्टीतून चित्र मागच्या बाजूने दिसत होतं, फिकट. आणि खिडकीच्या शेजारीच कॉम्प्युटरचा पडदा होता, त्यावर तोच कोपरा उघडलेला. दोन्ही चित्रं तंतोतंत सारखी होती.

सारखी कशी असतील? मी तर मागून बघत होतो.

मी पट्टी सुलटी केली. कागदावर खोड डावीकडे कललेलं. पडद्यावर उजवीकडे. मी ती पुन्हा उलटी केली, पुन्हा सुलटी केली. सासूबाई म्हणाल्या, "काय झालं?" इस्त्रीने चिकटवायचे बिल्ले उलटे छापावे लागतात, म्हणजे कापडावर बसल्यावर ते सुलटे वाचता येतात. माझी 'दुकान' ही सेटिंग प्रत्येक गोष्ट उलटी छापायची. त्यासाठीच तर तिने ती करून दिली होती. छापण्याआधी पडद्यावर दिसायचं ते सरळच दिसायचं, आरशातलं व्हायचं ते प्रिंटरच्या पोटात. बिल्ल्यांवर अक्षरं असतात, म्हणून तिथे कळतं. झाडांना अक्षरं नसतात. आणि मी कालपासून काळोख बघत होतो, चित्र एकदाही पाहिलं नव्हतं. कागदाची सुलटी बाजू शोधायला बोट ओलं करणारा मी.

"आई," मी म्हणालो, "ओढा उजव्या हाताला आहे. सगळी माणसं मी भलत्याच काठाला पाठवली."

मला वाटलं त्या मला शिव्या देतील. द्यायला हव्या होत्या. त्या उठल्या, प्रिंटरचा ट्रे उघडला, कागद बोटाने चाचपून सुलटा घातला आणि म्हणाल्या, "छापा. लवकर."

उलटं छापायची ती खूण काढून मी एक मोठा कागद छापला. फोन कोणालाच लागत नव्हता. ओलाच कागद दुकानाच्या टेम्पोत शेजारच्या सीटवर पसरला आणि फाटकाकडे निघालो. वाटेत मी स्वतःला जे जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही.

प्रमुख फाटकाशी एकटाच वॉकीटॉकी घेऊन उभा होता. मी कागद पुढे केला आणि सगळं सांगून टाकलं. त्याने एकदा डोळे मिटले, मग वॉकीटॉकी तोंडाशी नेला आणि सगळ्यांना अलीकडे बोलावलं. म्हातारा लाकूडतोड्या धापा टाकत परत आला तेव्हा ऊन उतरलं होतं. त्याने कागदाकडे एकदाच पाहिलं.

"हे होय," तो म्हणाला. "हे तर इथेच आहे. पायवाटेवरून खाली उतरलं की लगेच."

या वेळी मी त्यांच्या मागून गेलो, कोणी अडवलं नाही. जागा मी ओळखली. दगडांमधली काळोखी तीच, नेचे तेच, पाण्याचा आवाज मात्र कागदात नव्हता, आणि तो इतका मोठा होता की शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत होतं. ती दोन दगडांच्या फटीत कंबरेपर्यंत अडकून बसली होती. एक पाय खाली दगडाखाली दाबलेला. डोकं खोडाला टेकलेलं. ओठ फुटून रक्त वाळलेलं. मी तिच्या तोंडाशी तोंड नेलं तर तिने डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. काही बोलायचा प्रयत्न केला, आवाज फुटला नाही.

ती जगली. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सांगताना मलाही त्याचा आधार लागतो.

पाय गेला. गुडघ्याखालून काढावा लागला. शस्त्रक्रिया झाल्यावर डॉक्टरीण बाहेर आल्या, आम्हा दोघांना बाकावर बसवलं आणि शांतपणे सांगितलं. मी विचारलं, सकाळी आणली असती तर? मला विचारायचं नव्हतं, तोंडातून गेलं. त्या म्हणाल्या, "सकाळी आणली असती तर बहुतेक वाचवता आला असता. पण असा विचार करू नका." कसा करायचा ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

त्या गेल्यावर सासूबाईंनी माझी बाही धरली.

"तिला सांगायचं नाही."

"आई, असं कसं..."

"माझं ऐका. जंगल मोठं होतं, शोधायला वेळ लागला. बस्स. तुमचं माझं काय व्हायचं ते होवो. तिचा पाय गेलाय, वर घरात तुमचा राग घेऊन कशी जगेल ती? पट्ट्या मी टांगल्या होत्या. मीही पाहिलं नाही. मी काय तिला सांगायला जाणार आहे?"

त्यांचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. दोन दिवस मी तसंच केलं. तिच्या खोलीत गेलो की उशी सरळ करायचो, पाणी पाजायचो, दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या गमती सांगायचो. ती हसायची नाही. तिसऱ्या दिवशी तिचा आवाज थोडा परतला. सासूबाई जरा बाहेर गेल्या होत्या.

"मी ऐकलं होतं तुम्हा सगळ्यांना," ती म्हणाली. "सकाळी. शिट्ट्या ऐकू येत होत्या, लांबून. हाकासुद्धा. मला वाटलं, आले. मी ओरडत राहिले. पाण्यापुढे माझा आवाज काय पोचणार? मग तुम्ही आणखी लांब गेलात. एवढ्या जवळ येऊन लांब का गेलात, तेच मला कळत नाही. सारखं तेच डोक्यात येतं. माझीच काहीतरी चूक झाली का, म्हणजे काहीतरी उंच धरायला हवं होतं, कॅमेऱ्याचा फ्लॅश मारायला हवा होता..."

ती स्वतःला दोष देत होती. ते ऐकून घेणं मला जमलं नाही.

मी सांगितलं. काहीही न गाळता सांगितलं. 'दुकान', उलटा छापलेला कागद, डावीकडचा ओढा, जुनी खाण, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या तेही. आवाज फुटत होता तरी थांबलो नाही, थांबलो असतो तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. ती छताकडे बघत ऐकत होती. चादरीखाली जिथे तिचा पाय असायला हवा होता तिथे चादर सपाट होती, आणि मी तिथे न बघायचा प्रयत्न करत होतो.

माझं बोलून संपल्यावर तिने मान माझ्याकडे वळवली.

"मी म्हणावं अशी अपेक्षा आहे का, की तुझी चूक नाही?"

"नाही."

"मी म्हणणारही नाही."

"नको म्हणूस."

मी उठलो. मला वाटलं तिला एकटीला राहायचं असेल. दारापर्यंत गेलो.

"कुठे चाललास?"

"बाहेर बसतो."

"बाहेर आई आहे, ती रडवेल तुला. इथेच बस."

मी परत येऊन खुर्चीवर बसलो. तिने तोंड भिंतीकडे केलं आणि ती रडायला लागली, मोठ्याने, दोन रात्री त्या फटीत जे ओरडून झालं नव्हतं ते सगळं. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने तो झटकून टाकला. मी पुन्हा ठेवला नाही आणि उठलोही नाही. बसून राहिलो.